लॉसपर्यंतची तयारी

टाचणीला हिशेब येत होता, त्याची इंग्रजी नावं येत नव्हती. एकवीस वर्षांत त्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं.

लॉन्ड्रीत पाठीमागे तिला सगळेच टाचणी म्हणत आणि ती वळली की ताई म्हणत. अंगाने तशीच होती, बोलायलाही तशीच. दोन हॉस्पिटलं आणि चार हॉटेलं यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे इथे धुतले जात. एका बाजूला वाफेची खोली, दुसऱ्या बाजूला घड्या घालायची टेबलं आणि मधे काचेची केबिन. त्या केबिनमध्ये टाचणी, तिची खुर्ची आणि वाफेने फुगून पावासारखी झालेली हिशेबाची वही.

वहीतली खाती तिने स्वतः पाडली होती. पैसे मागितले की रडगाणं लावणारी गिऱ्हाइकं ‘रडकी’ या पानावर. साबणवाला, सोडावाला, विजेचं बिल, म्हणजे ज्यांना द्यायचं राहिलंय ते ‘मानेवरचे’. बुडालेले पैसे ‘मेलेले’. यंत्रांची किंमत दरवर्षी थोडी उतरवायची ती ‘म्हातारपण’ या पानावर. आणि मालक गल्ल्यातून जे उचलायचा ते ‘मालकाचा खिसा’. हे शेवटचं पान वहीत सगळ्यात जास्त मळलेलं होतं.

वर्षातून एकदा कागदवाले काका यायचे, वही पिशवीत घालून न्यायचे आणि पंधरा दिवसांनी कर भरण्यासाठीची एक इंग्रजी फाइल आणून द्यायचे. मालक ती न वाचता सही करायचा. फाइल कपाटात जायची. सगळे सुखी होते.

मग बॉयलर मरायला टेकला. नव्यासाठी कर्ज हवं होतं. बँकेने फाइल मागवून घेतली आणि कळवलं की अधिकारी मॅडम सोळा तारखेला येतील, हिशेबाबद्दल विचारतील. कागदवाले काका नेमके परदेशी लेकीकडे कायमचे राहायला गेले होते आणि तिकडून फोन उचलत नव्हते.

मालक केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला शाळेच्या हाफपँटमध्ये असल्यापासून ती ओळखत होती.

“ताई, मॅडम प्रश्न विचारणार. इंग्रजी शब्दांत.”

“मग तुम्ही द्या की उत्तरं. कॉलेजात गेला होतात ना?”

“गेलो होतो. शिकलो कुठे?”

“मग?”

“मग असं आहे,” मालक काचेवरची वाफ बोटाने पुसत म्हणाला, “मेव्हण्याच्या ओळखीत एक पदवीधर मुलगी आहे. फाडफाड बोलते. सोळा तारखेला तुम्हाला निभावलं तर ठीक. नाहीतर एक तारखेपासून तिला इथे बसवतो. तुम्ही चादरी मोजायला बसा. पगार जरा कमी होईल, पण हवा खेळती आहे तिकडे.”

“हवा मला घरीही फुकट मिळते,” टाचणी म्हणाली. पण तो गेल्यावर बराच वेळ तिला बेरीज जमेना.

*

सोळा तारखेला पंधरा दिवस होते. तिने रद्दीवाल्याकडून एक लहानसा शब्दकोश आणला. धंद्याचे, हिशेबाचे, बँकेचे इंग्रजी शब्द, शेजारी उच्चार, शेजारी मराठीत अर्थ. तिचा बेत साधा होता, जिथे उघडेल तिथून वाचायचं.

हा बेत सासूबाईंनी जागच्या जागी मोडला. त्या एकतीस वर्षं शाळेत शिपाई होत्या, परीक्षेच्या घंटा त्यांनी वाजवल्या होत्या. शिक्षणातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांचं मत होतं आणि ते खोडून काढायची घरात कोणाची टाप नव्हती. टाचणीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो बहुधा त्याच कारणाने.

“मधूनच कसलं वाचतेस? पहिल्या पानापासून चल.”

“आई, दिवस कमी आहेत. महत्त्वाचे तेवढे शब्द करते.”

“महत्त्वाचे कुठले, ते तुला माहीत आहे?”

“नाही.”

“मग? पहिली न करता तिसरीत घुसलेली मुलं मी पाहिलीत.”

“काय झालं त्यांचं?”

“वकील झाली. पण शिस्त नव्हती ती नव्हतीच.”

तर ‘ए’पासून सुरुवात झाली. रोज संध्याकाळी सासूबाई चष्मा लावून, शेंगा निवडायचं ताट मांडीवर घेऊन, मॅडम होऊन बसायच्या. टाचणीने दाराबाहेर जायचं, टकटक करायचं आणि आत यायचं. टकटक नीट झाली नाही तर पुन्हा बाहेर.

“ॲसेट!”

“धंद्याच्या मालकीची, पुढे उपयोगी पडणारी, पैशात मोजता येणारी गोष्ट.”

“उदाहरण?”

“बॉयलर.”

“तो मरायला टेकलाय ना?”

“भंगारात गेला तरी चार पैसे येतील. तोवर ॲसेट.”

“मग मीही ॲसेट.”

“तुम्ही डेप्रिसिएशनमध्ये, आई. ते ‘डी’ला आहे.”

“म्हणजे?”

“वस्तू वापरून वापरून दरवर्षी थोडी झिजते. तेवढी तिची किंमत उतरवायची.”

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. “चांगला शब्द आहे गं. तुझे सासरे असताना मिळाला असता तर उपयोग झाला असता.”

टाचणीला मजा वाटू लागली. शब्द उघडला की आत तिचंच कुठलंतरी पान निघायचं. ‘ॲक्रूड एक्सपेन्स’ म्हणून एवढा डौलात आला, आणि निघाला कोण? महिना सरला तरी न आलेलं विजेचं बिल. ‘मानेवरचे’! ‘बॅड डेट’ म्हणजे ‘मेलेले’. “एवढ्याशा गोष्टीला एवढी झूल!” ती म्हणायची. ‘गुडविल’वर मात्र दोघी अडल्या.

“लोकांना आपण बरे वाटतो, पुन्हा आपल्याकडेच येतात, त्याची किंमत,” टाचणीने वाचलं.

“त्याचे पैसे मिळतात?” सासूबाईंनी विचारलं.

“धंदा विकला तर मिळतात म्हणे.”

“आणि विकला नाही तर?”

“तर नुसते बरे वाटतो.”

क्रम मात्र सुटला नाही. एखादा शब्द अडला की सासूबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथूनच सुरू करायच्या. ‘इन्सॉल्व्हन्सी’ने तर दोन संध्याकाळी खाल्ल्या. पंधराव्या दिवशी गाडी ‘एल’वर पोचली. लेजर, लायेबिलिटी, लिक्विडिटी, लॉस. सासूबाईंनी पुस्तक मिटलं.

“आई, निम्मं राहिलं.”

“पेपर कधी सगळ्या पुस्तकावर येतो का? घंटा झाली. झोप.”

*

मॅडम पन्नाशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात मालकाची इंग्रजी फाइल. केबिनमध्ये शिरल्या आणि चष्म्यावर वाफ धरली म्हणून तो काढून बसल्या. मालक भिंतीला टेकून उभा. टाचणी समोर, दोन्ही हात वहीवर, पाठ ताठ.

“बरं,” मॅडम म्हणाल्या. “टर्नओव्हर किती?”

टाचणीच्या डोक्यात पानं फडफडली. टी. टी कुठल्या कुठे.

“पुढचा विचारा,” ती म्हणाली.

“रिसीव्हेबल्स?”

“पुढचा.”

“वर्किंग कॅपिटल? नेट प्रॉफिट?”

मालकाने डोळे मिटून घेतले. एक तारीख टाचणीला समोर दिसली. खेळती हवा, चादरींचे ढीग आणि तिच्या खुर्चीत फाडफाड बोलणारी कोणीतरी. तिला सासूबाईंची नरडी धरावीशी वाटली.

“मॅडम, मी ‘एल’पर्यंत आले आहे,” ती म्हणाली.

“कुठपर्यंत?”

“‘एल’पर्यंत. पंधरा दिवस होते. एबीसीडीच्या क्रमाने केलं. लॉसपर्यंत झालंय. प्रॉफिट अजून यायचाय.”

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. आधी खोकल्या, मग तो खोकला नव्हता हे उघड झालं. डोळे पुसून त्यांनी फाइल मिटली.

“शब्द राहू द्या. वर्षभरात धुलाईची बिलं किती केली?”

“एकतीस लाख चाळीस हजार,” टाचणीने वही न उघडता सांगितलं.

“हाच टर्नओव्हर. चादर इथे आल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस?”

“शहाण्यांचे चाळीस. रडक्यांचे एकशे दहा.”

“रडके कोण?”

वही उघडली गेली. मॅडमनी ‘रडकी’ हे पान वरपासून खालपर्यंत वाचलं. प्रत्येक नावापुढे येणं होतं, तारीख होती आणि बारीक अक्षरात त्या माणसाने सांगितलेली सबब होती. ‘सही करणारे साहेब सुटीवर.’ ‘सही करणारे साहेब सुटीवरून आले, पेन सुटीवर.’

“हे रिसीव्हेबल्स,” मॅडम म्हणाल्या. “सबबीसकट मी पहिल्यांदाच बघतेय. आणि साबणवाल्याला किती दिवसांत देता?”

“पंधरा. सोळाव्या दिवशी तो दारात झोपतो.”

“म्हणजे रडक्यांच्या बाबतीत मधले पंचाण्णव दिवस. ते कशावर काढता?”

“माझ्या जिभेवर.”

“तिथे पैसे लागतात. मधले दिवस तगून राहायला जो पैसा लागतो, त्याला वर्किंग कॅपिटल म्हणतात.”

“हे एवढंच?” टाचणी म्हणाली. “मग ते मी एकवीस वर्षं करतेय.”

आता तिची पाठ सैल झाली. मॅडम विचारत गेल्या, ती सांगत गेली. मालकानेही डोळे उघडले. आणि मग मॅडमनी सहज विचारलं, “ड्रॉइंग्ज?”

डी! टाचणी खुर्चीतून अर्धी उठलीच.

“मालकाने खासगी कामासाठी धंद्यातून काढलेली रक्कम!” ती वर्गात म्हणावं तशी कडाडली. “हा धंद्याचा खर्च नव्हे! ती मालकाच्या भांडवलातून वजा होते!”

“अगदी बरोबर. किती?”

“दोन लाख ऐंशी हजार! पैकी एक लाख नव्वद मेव्हण्याच्या शोभेच्या माशांच्या दुकानाला. मासे मेले.”

मालक भिंतीपासून सुटला. मॅडम फाइलची पानं उलटत होत्या.

“इथे ड्रॉइंग्ज शून्य आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि रिपेअर्स, म्हणजे दुरुस्ती, बरोबर दोन लाख ऐंशी हजार. एवढी दुरुस्ती झाली असती तर मला इथे यावं लागलं नसतं. बॉयलरचा तो पाइप कशाने बांधलाय?”

“सायकलच्या ट्यूबने,” टाचणीने सांगितलं आणि सांगता सांगता तिला कळलं. ‘मालकाचा खिसा’ हे पान काकांनी पिशवीतून नेलं होतं आणि इंग्रजीत त्याचं बारसं करून परत आणलं होतं. फाइल तिने कधी वाचली नव्हती.

मालक घाईघाईने पुढे झाला. “मॅडम, ताईंचं काय आहे, इंग्रजी नवीन आहे त्यांना. शब्दांत घोळ होतो. मघाशी तुम्ही पाहिलंत ना. ड्रॉइंग्ज काय, रिपेअर्स काय, त्यांना सारखंच. हो ना ताई?” आणि त्याने तिच्याकडे असं पाहिलं की एक तारीख, खुर्ची आणि पदवीधर मुलगी सगळं त्या बघण्यात होतं.

सोपं होतं. ‘हो, घोळ झाला’ एवढं म्हणायचं. घोळ खरोखरच झाला होता, पाचांतल्या चार शब्दांवर ती अडली होती, मॅडमना पटलंही असतं. खुर्ची राहिली असती. टाचणीने वहीवर हात ठेवला. कागद ओलसर, गरम होता.

“घोळ शब्दांत झाला, मालक,” ती म्हणाली. “आकड्यांत माझा घोळ होत नाही. पान बघा मॅडम. तारखा आहेत. माशांच्या जातीसुद्धा आहेत.”

मॅडमनी पान पाहिलं. पेन काढलं, मालकाची फाइल उघडली आणि दुरुस्तीच्या आकड्यावर सरळ काट मारली. मग खाली थोडी आकडेमोड केली. बाहेर टॉवेल झटकल्याचे आवाज येत होते.

“तुमचा अर्ज नामंजूर करायचा म्हणूनच मी आले होते,” मॅडम शेवटी मालकाला म्हणाल्या. “कागदावर धंद्याला नफाच दिसत नव्हता. जो कमावत नाही तो हप्ता कुठून देणार? आता हे तुम्ही खिशात घातलेले दोन लाख ऐंशी हजार खर्चातून काढले की तेवढाच नफा वाढतो. धंदा चांगला आहे. मालक कसा आहे ते मी लिहीत नाही.”

“म्हणजे... कर्ज मिळेल?”

“फाइल नव्याने करा. चुकवलेला कर भरा, दंडासकट. दरमहा ठरलेली रक्कम घ्या, त्यापलीकडे गल्ल्याला हात लावायचा नाही. आणि दर तीन महिन्यांनी हिशेब मला हवा. यांच्याकडून.” त्या उठल्या, चष्मा लावला. “तुम्हाला चालेल ना ताई? शब्द तुमचे चालतील. मला कळतात आता.”

*

मॅडमची गाडी गेली तरी मालक फाटकाशीच उभा होता. दंडाचा आकडा मनात घोळवत असावा. टाचणीने वही मिटली, डब्याची पिशवी काढली आणि वाट पाहिली. ओरडला असता तर तिची तयारी होती. शब्द सगळे मराठीच लागले असते.

तो आला, केबिनच्या दारात थांबला.

“त्या मुलीला नको म्हणून कळवतो,” तो म्हणाला.

“कळवा.”

“मेव्हणा चिडेल.”

“चिडू दे. ते कुठल्याच पानावर येत नाही.”

मालकाला हसू आलं, ते त्याने दाबलं. तो जायला वळला.

“मालक,” टाचणी म्हणाली. “धंदा चांगला आहे, असं त्या म्हणाल्या.”

“म्हणाल्या.”

“नफा वाढला, असंही म्हणाल्या. माझा पगार सहा वर्षं तिथेच आहे.”

मालकाने चपलेकडे बघत विचारलं, “किती म्हणता?”

दुनियेचे आकडे तिला पाठ होते, स्वतःचा कधी काढलेलाच नव्हता. तोंडाला येईल तो तिने सांगितला.

“बरं,” मालक म्हणाला. इतक्या झटकन म्हणाला की आकडा कमी सांगितला हे तिला त्याच क्षणी कळलं.

तिने पिशवी पुन्हा खाली ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली.

“बसा मालक,” ती म्हणाली. “हा पुढचा पगार झाला. आता मागच्या सहा वर्षांचं बोलू.”