डावऱ्या गाठीची जुडी

या सदरातले अनुभव माझी सून मोबाईलवरून मला वाचून दाखवते. ऐकून झालं की मी म्हणायचो, "पोट साफ नसलं की माणसाले असंच दिसते." वय चौऱ्याहत्तर. आंजीच्या शिवारात जन्मभर भाजीपाला पिकवला, अंधारात पिकाला पाणी ओललं, कधी काही दिसलं नाही. भुताखेतांवर आजही विश्वास नाही. तरी लिहितोय, कारण यातला अर्धा भाग भुताचा नाहीच… माझा आहे.

माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून पार्वताबाईचं अर्धा एकर शेत होतं. विधवा बाई, साठीच्या आसपासची. ती सांबार लावायची, म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. ती डावरी होती. अंबाडीच्या वाखानं जुडी बांधताना आम्ही सगळे पीळ उजवीकडे देतो. तिचा डावीकडे जायचा आणि टोक खालून आत खोचलेलं असायचं. वर्ध्याच्या बाजारात गिऱ्हाइकं ती गाठ बघून जुडी उचलत, कारण तिच्या जुडीत गवताची काडी सापडत नसे.

तिच्या पलीकडे माझा धाकटा भाऊ बाबाराव याचा हरभरा. रानडुकरं फार. तो विजेच्या लाइनीवर आकडा टाकून कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा आणि उजाडायच्या आत काढून घ्यायचा. मला हे माहीत होतं. एका सकाळी त्याला उशीर झाला. आम्ही दोघं धुऱ्यावर पोचलो तेव्हा पार्वताबाई तारेजवळ पडली होती, दोन्ही हात काळे पडलेले. बाबारावनं बांबूनं आकडा काढला. त्यानंतर आम्ही तिला उचललं नाही. दोघांनी मिळून आधी तार गुंडाळली.

ती शुद्धीत होती. म्हणाली, "आधी तार गुंडाळता का मले उचलता, भाऊजी?"

तार मी माझ्या विहिरीत टाकली. मग तिला उचललं.

दवाखान्यात ती दोन दिवस जगली. नायब तहसीलदारांनी तिचा जबाब घेतला. त्यात तिनं सांगितलं, "बाबारावनं तार काढली. विष्णूभाऊजी तेथीच होते. त्यायले इचारा, ते खोटं नाई बोलत."

विष्णूभाऊजी म्हणजे मी.

केस उभी राहिली. बाबारावच्या वकिलानं मला घरी बोलावून समजावलं, "बाई तर आता कोर्टात येत नाही. तिचा कागद येतो. कागदाले प्रश्न विचारता येत नाई, पण तिच्या डोळ्यायबद्दल विचारता येते. तुमी फक्त डोळ्यायचं सांगा." बाबारावला दोन लहान पोरी होत्या. मी हो म्हणालो.

वर्ध्याच्या कोर्टात मी शपथ घेऊन सांगितलं की पार्वताबाईला मोतीबिंदू होता, सकाळच्या उजेडात तिला धड दिसत नव्हतं. त्या सकाळी मी धुऱ्यावर नव्हतोच, असंही सांगितलं. बाबारावच्या वकिलानं विचारलं, कशावरून दिसत नव्हतं? हे आमचं ठरलेलं नव्हतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, "सांबारासोबत गवत बांधून द्यायची, साहेब. जुडीत अर्धं गवतच राहे."

सरकारी वकील म्हणाले, "तुमच्याबद्दल तर बाई चांगलंच बोलली आहे."

"तिले माणूसच ओळखू येत नव्हता, साहेब," मी म्हणालो. मागे कुणीतरी हसलं. तिची मुलगी सुनंदा तिथंच बसली होती. ती हसली नाही.

बाबाराव सुटला.

मी साक्ष दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा बाजारात गेलो. ओलं पोतं बाजूला करून जुड्या मांडल्या. एक जुनी गिऱ्हाईक बाई खाली वाकली आणि म्हणाली, "हे तर पार्वताबाईची जुडी दिसते. कुठून आणली, भाऊ?"

एकच जुडी. पीळ डावीकडे, टोक खालून खोचलेलं. मी ती विकली नाही, घरी आणली. बायकोला, मंदाला, विचारलं, "हे तू बांधली?"

तिनं वाख हातात घेऊन डाव्या हातानं दोनदा करून पाहिलं. "मले नाई जमत," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "सोडून पाहा ना. गवत राहते म्हणत होते ना तुमी साहेबाले?"

मी सोडली. काडी-काडी वेगळी केली. गवत नव्हतं.

पुढच्या खेपेला सगळ्या जुड्या मी एकट्यानं बांधल्या, खोलीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली खिशात. सकाळी त्यात एक डावी जुडी होतीच. मला वाटायचं मंदाच करत असेल, माझ्यावरच्या रागानं. तीन वर्षांपूर्वी मंदा गेली. त्यानंतरही जुडी येतच राहिली. शेवटी मी सांबार लावणंच बंद केलं. मेथी, पालक लावला. त्यात कधी काही आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबाराव वारला. म्हणून आता हिंमत झाली असं कुणी म्हणालं तर ते खरंच आहे. तो असताना मी हे लिहिलं नसतं.

दिवाळीनंतर नाचणगावला सुनंदाच्या घरी गेलो. ती शेंगा सोलत होती. सगळं सांगितलं… तार, विहीर, कोर्ट. जुडीचंही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही हात थांबवला नाही.

"माय खोटं बोलत नव्हती हे मले माहीतच होतं, काका," ती म्हणाली. "मले सांगाले काऊन आले? जेथी बोलले तेथी सांगा."

त्याच आठवड्यात वर्ध्याला एका वकिलाला भेटलो. तो म्हणाला, आरोपी वारला, प्रकरण संपलं, आता तुमचं ऐकायला तिथं कुणी बसलेलं नाही. म्हणजे कोर्टाच्या कागदात पार्वताबाई आंधळी आहे ती तशीच राहणार, आणि खाली माझी सही. जेथी बोललो तेथी सांगता येत नाही, म्हणून इथं सांगतोय. पार्वताबाईला स्वच्छ दिसत होतं. मी तिथंच होतो. तार अजून विहिरीत आहे.

यंदा मुद्दाम सांबाराचा एक वाफा टाकला. सुनंदाला सांगून झालंय, आता काही येणार नाही असं मनात होतं. परवा दुपारी एकट्यानं जुड्या बांधल्या, आतल्या खोलीत ठेवल्या, किल्ली उशीखाली. काल सकाळी पोतं उचललं.

हे कसं होतं, ते मला सांगता येत नाही. मुलगा म्हणतो, तुमचाच हात थरथरतो आता, पीळ उलटा पडत असेल. असेलही. मी डाव्या हातानं बांधून पाहिलं. मला जमत नाही.

ती जुडी आत्ता माझ्यासमोर आहे. पानं थोडी सुकली आहेत. सोडून पाहिली नाही. आत गवत नसणार, हे मला माहीत आहे.