चिंचेखाली थांब

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. आई मिठागरात राबली म्हणून मी शिकले, हेही सांगते. तेव्हा सांगत नव्हते.

लेकीला तुळिंजच्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळा साडेबाराला सुटायची. मी वालीवला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट, नवरा मुंबईला. आणायला आईशिवाय कोणी नव्हतं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती गावाहून आली, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, मिठाने भेगाळलेल्या टाचा. मी तिच्यापुढे माझी साडी ठेवली. तिने हात फिरवून पाहिला. "चांगली हाय, पन ही नेसून चालायला नाय जमायचं."

मग मी तिला बजावलं, गेटपाशी येऊ नकोस, समोरच्या चिंचेखाली थांब. लेकीलाही बजावलं, सगळी मुलं गेल्याशिवाय तिच्याकडे जायचं नाही, आणि शाळेत तिला आजी म्हणायचं नाही. मग काय म्हणायचं, तिने विचारलं. काहीच नाही, मी म्हटलं. चार वर्षांची पोर.

सकाळी बाकीची मुलं आयांना बिलगून रडत होती. माझी सरळ आत गेली, वळूनही बघितलं नाही. मला अभिमान वाटला. तशीच कामावर गेले.

दीडला शाळेतून फोन. कोणी बाई न्यायला आली आहे, मुलगी ओळखत नाही म्हणते. मुलाने नातं सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, असा त्यांचा नियम. लेक बाहेर येईना म्हणून आई आत गेली, तेव्हा शिपायाने तिला पोरं पळवणारी समजून दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

मी पोचले तेव्हा ती चिंचेखाली उकिडवी बसली होती. मला बघून उठली, मागोमाग गेटपर्यंत आली. लेक बाकावर पाय हलवत बसलेली. "मम्मी, मी नाही सांगितलं," ती म्हणाली आणि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

शिक्षिकेने आईकडे बोट दाखवून विचारलं, ओळखता का यांना?

"आमच्याकडे कामाला असते," मी म्हटलं.

आईने ऐकलं. घरापर्यंत दप्तर तिनेच उचललं, दोन पावलं मागून चालत. दारात ते माझ्या हातात दिलं.

"पोर तुझ्यावर गेलीय. एका दिवसात शिकली."

पाणीही न पिता ती गावाला गेली. दुसऱ्या दिवसापासून मला खरंच एक कामवाली ठेवावी लागली. ती नीट साडी नेसायची. मी शिकवल्याप्रमाणे लेक तिला गेटवरच आजी म्हणून हाक मारायची, आणि शाळा पोरीला लगेच सोडायची.