तेल बरोबर होतं, साहेब

त्या वर्षी आमचं युनिट लडाखमध्ये होतं. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक, गाव कुरुंदा. नाईक सोपान ड्रायव्हर, गोरेगावचा. अख्ख्या युनिटात हिंगोली जिल्ह्याचे आम्ही दोघंच. त्यामुळे घरचा ठेचा आणि साहेबांच्या शिव्या दोन्ही वाटून खायचो.

सोपानची थ्री टन ट्रक जुनी होती. चालू केली की निळा धूर सोडायची. खाली तेलाचा थेंब सांडत नव्हता, म्हणजे तेल आतच जळत होतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. इंजिन खोलायला चार दिवस लागले असते, आणि बर्फाने रस्ता बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेऱ्या चालू होत्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सोपान आला.

"दादा, गाडी लई तेल पिऊन राहिली."

"लिटरभर टाक अन् चल. वापस आल्यावर खोलू."

सकाळी सहाला फर्स्ट परेड. गाडी हलण्याआधी ड्रायव्हरने तेल, पाणी, टायर, ब्रेक दाखवायचे आणि मी सही करायची. सोपानने तेल मोजायची डिपस्टिक दाखवली. मी 'लेव्हल बरोबर' लिहिलं. पहिल्या हॉल्टला पुन्हा तेल बघ, एवढं सांगितलं.

साडेसहाला कॉन्व्हॉय निघाला. मी शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. तो हॉल्ट झालाच नाही. वरून दगड सुटत होते, म्हणून कॉन्व्हॉयच्या सुभेदार साहेबांनी न थांबता पुढे जायला सांगितलं. भरलेली गाडी आणि सलग दोन तासांची चढण, त्यात तेल जळत गेलं. आठ चाळीसला वायरलेस सेटवर सोपानचा आवाज आला.

"गाडी नंबर चार. इंजिन जाम. ओव्हर."

सुभेदार साहेबांचं उत्तर आलं, "गाडी छोडो. पैदल आगे आओ. ओव्हर."

"रॉजर."

चढणीवर गाडी सोडताना मागच्या चाकाला दगड लावायचा, ही ड्रायव्हरची सवय. मागच्या गाडीत जवान बसले होते. सोपान दगड लावायला वाकला आणि वरची दरड आली. आठ त्रेचाळीस.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला तेलाबद्दल विचारलं. मी म्हणालो, "तेल बरोबर होतं, साहेब." कागदावर सही होती. त्यात खोटं काही नव्हतं, आणि सगळं खरंही नव्हतं. दोष दरडीवर गेला. सोपान माझ्यामुळे गेला असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

रिटायर होऊन मी गावी आलो. हळद लावतो, शेजारपाजारच्या गाड्या बघतो. गेल्या महिन्यात सोपानची बायको, सुनंदावहिनी, कार घेऊन दारात आल्या. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला हिंगोलीला न्यावं लागतं, म्हणून वसमतला कुणाकडून तरी जुनी घेतलेली.

"भाऊजी, हिच्यात तेलच टिकत न्हाई. आठ दिवसांत डिपस्टिक कोरडी."

मी प्लग काढले. तेलाने काळे झाले होते. खाली थेंब नव्हता.

"इंजिन खोलावं लागतंय, वहिनी. चार दिवस राहू द्या इथं."

"परवा मामींना डायलिसिसला न्यायचं हाय. तेलाचा डबा ठेवते गाडीत, लिटरभर टाकत जाते. काहून न्हाई चालणार?"

मी पाना खाली ठेवला. तोवर वापरायला माझ्या गाडीची किल्ली त्यांच्या हातात दिली. मग इतकी वर्षं कुणालाच न सांगितलेलं सगळं सांगितलं. ती संध्याकाळ, माझी सही, साहेबांना दिलेलं उत्तर. त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही.

वहिनी तिथंच पायरीवर बसल्या.

"निघायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "गाडी लई तेल पिऊन राहिली म्हणले. मी म्हणलं, मग कशाला नेता? तर म्हणले, मेकॅनिक आपल्याकडचा हाय, त्यानं बघितली हाय. तू बिनघोर झोप."

त्यांनी किल्ली मुठीत धरली.

"अन् मी झोपले, भाऊजी."