शेजाऱ्याची गाडी काढायला शिकले

आमच्या घरी मोटार नाही. तरीही पन्नाशीला टेकल्यावर मी मोटार चालवायला शिकले, कारण शेजाऱ्याची गाडी माझ्या फाटकासमोरून कोणीतरी काढायला हवी होती. हे सांगितलं की लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

बुऱ्हाणपुरातली आमची गल्ली अशी, की समोरासमोर दोन रिक्षा आल्या तर एकीनं मागं जायचं. समोरच्या घरात केळीचे व्यापारी राहतात. मूळचे फोपनार गावचे, मुलांच्या शाळेसाठी शहरात आलेले. त्यांनी मोठी पांढरी गाडी घेतली आणि पहिल्या दिवसापासून ती आमच्या फाटकाला चिकटून उभी राहू लागली. त्यांच्या दारापुढं त्यांच्या कुंड्या होत्या, म्हणून तिथं जागा नव्हती.

खरा संताप पुढंच आहे. हे गृहस्थ सकाळी मोटरसायकलवर बसून गावाकडच्या केळीच्या मळ्यांकडे निघून जायचे. गाडी इथंच. माझी स्कूटर फाटकाच्या आत, मी आत आणि मी शिकवते त्या शाळेची प्रार्थना सुरू व्हायची वेळ झालेली. फोन केला की उत्तर ठरलेलं, "मॅडम, बस दोन मिनिट, आलोच."

फोपनारहून दोन मिनिटांत कोण येतं?

मी फाटकावर पाटी लावली, "कृपया येथे गाडी उभी करू नये." दुसऱ्या दिवशी त्या पाटीवर त्यांचं गाडी पुसायचं फडकं वाळत होतं. यजमानांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "जाऊ दे, शेजार आहे." त्यांचं काय जातं, ते पायीच कामावर जातात.

एकदा शाळेत परीक्षा होती आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. मी रागानं थेट समोरचं दार वाजवलं. त्यांची आई बाहेर आली. माझं सगळं ऐकून घेऊन आत गेली आणि गाडीची चावी घेऊन आली.

"हे घे, काढून टाक."

"काकू, मला गाडी येत नाही."

"एवढ्या पोरांले शिकवतं, अन् गाडी येत नाही?"

त्या दिवशी मी रिक्षानं गेले, पण ते बोलणं डोक्यातून जाईना. आठवडा संपायच्या आत मोटार शिकवणाऱ्याकडे नाव घातलं. त्यानं विचारलं, "गाडी कोणती घेतली, मॅडम?" मी म्हटलं, "शेजाऱ्यांची हलवायचीय."

लायसन्स आलं. मग रोज सकाळी काकूंकडून चावी घ्यायची, गाडी गल्लीच्या तोंडाशी मोकळ्या प्लॉटवर लावायची, चावी परत द्यायची आणि मग स्कूटर काढायची. वाटलं होतं, शेजाऱ्यांना लाज वाटेल. ते खूश झाले. "आता टेन्शनच नाही, मॅडम आहेत ना!" असं गल्लीत सांगत फिरले. एका सकाळी तर फोन आला, "मॅडम, गाडी काढतायच तर जरा सावलीत लावा ना." मी फोन बंद करून चांगली पाच मिनिटं स्वयंपाकघरात भांडी आपटली.

मग एका रविवारी काकू स्वतःच नवं लुगडं नेसून आमच्या दारात आल्या. हातात चावी.

"गाडी आली तवा पूजेले तिच्यात बसले होते, तेवढंच. पोराले टाईम नाही. मले राजघाटावर नेतं का?"

नाही कसं म्हणणार? नेलं. काकू पुढच्या सीटवर खिडकीची काच खाली करून बसल्या आणि ओळखीचं कोणी दिसलं की मला गाडी हळू करायला लावत होत्या. घाटावर तापीचं पाणी डोळ्यांना लावलं, पायरीवर निवांत बसल्या. घरी फोन ठेवून आल्या होत्या. माझा पर्समध्ये होता, तो वाजलेला मला कळलाच नाही.

परतलो तेव्हा गल्लीत माणसं जमलेली. गाडी नाही, आई नाही, शेजारी घामाघूम. आम्हाला बघून ओरडले, "मॅडम, विचारायचं तरी!"

मी तोंड उघडायच्या आत काकू गाडीतूनच म्हणाल्या, "तिच्या दारात गाडी लावतं तवा तू विचारतं का?"

संध्याकाळी शेजाऱ्यांनी कुंड्या गच्चीवर चढवल्या आणि गाडी स्वतःच्या दारात लावली. चारही चाकं रस्त्यावर, आरसा बाहेर, जाणाऱ्या-येणाऱ्याचा खांदा घासेल अशी. कोणी कुरकुर केली की ते माझ्या घराकडे बोट दाखवतात, "काय करणार, मॅडमसाठी केलंय." आणि लोक मान हलवत माझ्याकडे बघतात.