कडूबाईच्या चाळीस रेघा

माझं डोकं लवकर तापतं. धाराशिवला कोर्टात कारकून म्हणून लागल्यापासून हे सगळ्यांना ठाऊक आहे. पक्षकारावर ओरडलो, शिपायावर ओरडलो, एकदा तर एका वकिलावरही ओरडलो. त्याचं मला काही वाटत नाही. पण येरमाळ्याच्या कडूबाईवर जे ओरडलो ते आठवलं की आजही तोंडात घास फिरतो. म्हणून ही बाई कोण, ते एकदा नीट सांगून टाकतो.

येरमाळा माझी सासुरवाडी. तिथं हायवेला लागून चहाचं हॉटेल आहे आणि हॉटेलाला लागून कडूबाईचं काम चालतं. तुळशी वृंदावनं, जनावरांच्या पाण्याचे हौद, खिडकीच्या जाळ्या, सगळं सिमेंटचं आणि सगळं तिच्या हातचं. वय साठीच्या पुढं. नवरा ज्ञानोबा गवंडी होता, परांचीवरून पडला आणि कंबरेतून गेला. तेव्हापासून तो बाजेवर बसून चुका काढतो आणि ही काम करते. सिमेंटचं पोतं आलं की आधी कोपरापर्यंत हात आत घालते. गार लागलं तर माल ताजा, नाहीतर पोतं परत. दुकानदार कितीही शपथा घेऊ दे, ती हाताचंच ऐकते.

आता माझं खूळ. आमच्या गावापासून समुद्र कुठच्या कुठं, आणि मला घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी हवी होती. गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं हो! मला ते नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे हवे होते, शिवाय लाल कोळंबी आणि गोगलगायी. या टाकीत भोकाभोकांचे दगड लागतात. त्यात पाणी स्वच्छ ठेवणारे बारीक जीव घर करतात. पुण्याचा दुकानदार म्हणाला, दगड यायला दोन महिने थांबा. थांबणं माझ्या रक्तात नाही. मोबाइलवर बघितलं तर लोक असे दगड घरी करतात, सिमेंटचे. मी थेट कडूबाईकडं गेलो.

"मावशी, सिमेंटात शिंपल्यांचा चुरा घालायचा आणि निम्मं खडा मीठ."

"मीठ?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "सिमेंटात मीठ? आवो साहेब, मीठ लागलं की काम सडतंय. आमच्या मालकानं ऐकलं तर मला हाकलून देतील."

ज्ञानोबानं बाजेवरून ऐकलंच होतं. "खुळा हाय का जावई?" तो ओरडला.

मी समजावलं. मीठ पाण्यात विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं राहतात, तीच पाहिजेत. कडूबाईनं ओल्या वाळूत खड्डे केले, त्यात माल टाकला, बोटांनी आरपार भोकं पाडली. तिला सगळ्यात अवघड गेलं ते ओबडधोबड ठेवणं. हात आपोआप गुळगुळीत करायला जायचा आणि मी ओरडायचो, मग ती हसायची. "जन्मभर सारवायची सवय, साहेब. वंगाळ करायला शिकाया लागलंय मला."

दगड झाले. खरं काम त्याच्यापुढं होतं. नव्या सिमेंटातून चुना सुटतो आणि त्यात मासे मरतात. म्हणून दगड पिंपभर पाण्यात बुडवून ठेवायचे आणि रोज पाणी बदलायचं, चाळीस दिवस. आमच्या भागात हे कुणाला सांगायची सोय नाही. तिथं चार घागरी पाण्यासाठी बाया हापशावर उभ्या असतात. पण कडूबाईनं त्यावर सोय काढली. पिंपातलं पाणी ती फेकायची नाही, त्याच पाण्यानं नवी वृंदावनं भिजवायची, आणि पिंपात ताजं भरायची. लिहिता येत नाही म्हणून शेजारच्या भिंतीवर रोज कोळशानं एक रेघ. आणि रोज बोट बुडवून जिभेला लावायची. चुना लावलेला तंबाखू खाणारी जीभ, तिला चुना लगेच कळायचा. पंधराव्या दिवशी म्हणाली, "हाय अजून." तिसाव्या दिवशी म्हणाली, "जरासाच." चाळिसाव्या दिवशी मी गेलो तेव्हा म्हणाली, "आता निव्वळ पाणी हाय, घिऊन जावा."

टाकी भरली. माझी बायको वर्षाराणी हिनं काचेला बाहेरून हळदीकुंकू लावलं. तिला कळत होतं की आत काही टाकायचं नसतं. मला कुठं कळत होतं? मी म्हणालो, कलशात पैसा टाकतात, मग एवढ्या मोठ्या पाण्याला नको का? देव्हाऱ्यात आजोबांचा निजामाच्या वेळचा तांब्याचा पैसा होता. तो काढला आणि दगडाखालच्या वाळूत खोचला. "अहो, राहू द्या की," वर्षाराणी म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो. हे वाक्य माझं रोजचंच.

महिनाभर टाकी नुसती चालवली. मग मासे आणले, कोळंब्या आणल्या, गोगलगायी आणल्या. आठवड्याच्या आत पहिली कोळंबी उलटी पडली. मग दुसरी. मग गोगलगायी काच सोडून पडू लागल्या. मासे तेवढे फिरत होते. मी तिथंच ठरवून टाकलं: चुना! बाईनं पाणी बदललं नाही.

रविवारी सगळे दगड पोत्यात घातले आणि येरमाळ्याला गेलो. हॉटेल भरलेलं होतं. एक नवरा-बायको कडूबाईकडं वृंदावन बघत होते. मी पोतं तिच्या पायाशी ओतलं. दोन दगड फुटले.

"माझी जित्राबं मारलीत तुम्ही. पाणी बदललंच नाही!"

"बदललं, साहेब. रोज. त्याच पाण्यानं वृंदावनं भिजिवली. ह्या रेघा बघा की."

"रेघा काय, एका दिवसात चाळीस ओढता येतात. गावात प्यायला पाणी नाही आणि तू रोज पिंप बदलत होतीस? खोटारडी कुठली!"

मावशीवरून मी तू-वर आलो होतो. हॉटेलातले दोघंतिघं हसले, आणि मला त्याचा हुरूप आला. खोटं कशाला बोलू, आला. आणखी बरंच बोललो. ते नवरा-बायको वृंदावन न घेता निघून गेले. ज्ञानोबा बाजेवर मान खाली घालून बसला होता. कडूबाई एकदाच म्हणाली, "म्या खोटं न्हाय बोलत," आणि फुटलेले तुकडे गोळा करायला लागली.

दगड गेले, टाकीतलं पाणीही बदललं. आठ दिवसांनी उरलेली शेवटची कोळंबीही मेली. आता टाकीत दगडच नव्हते, मग चुना आला कुठून? पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला.

त्यानं शांतपणे विचारलं, "टाकीत तांबं-पितळ काही गेलंय का? कोळंबीला, गोगलगायीला तांबं म्हणजे जहर."

"माझ्या टाकीत कसलं तांबं!" मी खेकसलो, आणि फोन कानाला तसाच राहिला.

वाळूत हात घातला. पैसा हिरवा पडला होता. वर्षाराणी दारात उभी होती.

लगेच जायला हवं होतं. गेलो नाही. आज काम आहे, उद्या काम आहे, असे दिवस काढले. मग मेव्हण्याचा फोन आला. सहज बोलता बोलता तो म्हणाला, "भावजी, तुमच्या त्या कडूबाईला पोरं चिडवतात बघा. येता-जाता, 'मावशे, पाणी बदललं का?' गिऱ्हाईकही तेच विचारतंय." तो हसत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. हॉटेल रिकामं असेल म्हणून मुद्दाम भर उन्हाची वेळ धरली आणि गाडीही लांब लावली. चोर कसा येतो, तसा वृंदावनांच्या मागून आलो. कडूबाई पिंपापाशी वाकली होती. पिंपात माझे दगड होते. भिंतीवर जुन्या चाळीस रेघांच्या खाली नव्या रेघा होत्या. मोजल्या, सव्वीस.

मला बघून ती घाईनं उठली. "साहेब, अजून चौदा दिस हायेत. ह्या बारीला दोनदा पाणी बदलते, सकाळ-सांच. मागल्या बारीला कुठंतरी माझंच चुकलं आसंल. ह्या जिभंवर भरवसा ठिवला. म्हातारी जीभ, तंबाखूनं मेलेली."

मी खिशातून पैसा काढून तळहातावर धरला. खालच्या आवाजात सगळं सांगितलं. पूजा, वाळू, तांबं. ती त्या हिरव्या पैशाकडं बघत राहिली.

"म्हंजी चुना न्हवता?"

"नव्हता."

"माझी जीभ बराबर व्हती?"

"बरोबर होती, मावशी. चूक माझी होती. मला माफ करा."

ती पिंपाच्या कडेला टेकली. पदरानं तोंड पुसलं. हॉटेलापुढं एक एसटी येऊन थांबली आणि माणसं चहाला उतरली.

"साहेब," ती म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला. त्या दिशी बोलला व्हता, तेवढ्यानं."

मी हॉटेलाकडं बघितलं. त्या रविवारी हसलेली दोन तोंडं ओळखीची दिसली. आयुष्यभर ज्या आवाजाचा तोरा मिरवला, तोच आता काढायचा होता. पहिल्यांदा नुसता खोकलो. मग ओरडलो, "कडूमावशीनं पाणी रोज बदललं होतं! दगड चांगले होते! खोटारडा मी आहे!"

हातातले कप हातात राहिले. कुणीतरी हसलं, या वेळी मला. बाजेवरून ज्ञानोबानं मान वर केली.

कडूबाई उठली. पिंपात हात बुडवला आणि ओल्या हातानं भिंतीवरच्या खालच्या सव्वीस रेघा पुसून काढल्या. वरच्या चाळीस तशाच ठेवल्या.