गाडी झोपेपर्यंत

अण्णा गाडी दुरुस्त करायला यायचे आणि पाऊण तास तिला हात लावायचे नाहीत. पोर्चमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकायची, बॅटरीला मीटर जोडायचा आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बसून राहायचं. मी स्वयंपाकघरातून दर दहा मिनिटांनी डोकावायचे. काही कळलं का, असं विचारलं की ते मीटरवरची नजर न काढता सांगायचे, "अजून जागी हाय."

आजकालच्या गाड्या बंद केल्या तरी लगेच बंद होत नाहीत, हे मला अण्णांनी शिकवलं. कुलूप लावून आपण निघून जातो, पण आतली लहान लहान यंत्रं बराच वेळ चालू असतात आणि मग एकेक करून झोपतात. सगळी झोपली की मगच खरं मोजमाप करता येतं. त्याआधी दार जरी उघडलं तरी सगळी पुन्हा जागी होतात आणि पाऊण तास नव्यानं सुरू. हे मी दोनदा करून बसले. एकदा पुढच्या सीटवर राहिलेला चष्मा घ्यायला, आणि दुसऱ्यांदा, खरं सांगायचं तर, अण्णा काही करत नाहीत म्हणून चिडून.  दोन्ही वेळा अण्णांनी खुर्ची जराशी सावलीत सरकवली आणि ते परत बसले.

माझ्याकडे पाऊण तास नव्हता, ही माझी अडचण होती. सासूबाईंचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी साडेसहाला. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पाय उचलून रिक्षात चढता येत नाही. ह्यांची बदली नांदेडला. म्हणजे घरात चालवणारी एक मी आणि गाडी एक. मी शाळेत हेडक्लार्क आहे. वेळापत्रक सांभाळणं हा माझा धंदाच आहे. आणि ही गाडी नेमकी डायलिसिसच्या सकाळी बटण दाबलं की नुसती टकटक करायची. बॅटरी उतरलेली. बाकीचे दिवस शाळेत, बाजारात, एकदा तर बार्शीला लग्नाला, शहाण्यासारखी धावायची.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दोनदा नेली. त्यांनी लॅपटॉप लावला, नवी बॅटरी बसवली आणि गाडीत कोणताही दोष नाही असा कागद दिला. दुसऱ्या वेळी तोच कागद, फक्त तारीख नवी. मी जंपर केबल घेतली. दोनदा दूधवाल्या टेम्पोच्या बॅटरीवर गाडी चालू केली. केव्हा काय झालं ते सगळं एका वहीत लिहीत गेले. सात पानं भरली.

अण्णा आमच्या मागच्या दोन गल्ल्या सोडून राहायचे. मूळचे तेलुगू, विणकरांच्या घरातले. उमेदीची वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात गेली, मागाच्या मोटारी आणि वायरिंग बघण्यात. पुढे गाड्यांच्या वायरिंगचं स्वतःचं दुकान होतं. गुडघे गेले तेव्हा ते बंद केलं आणि आता ओळखीच्यांकडे घरीच येऊन काम बघायचे. माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव 'अण्णा वायरिंग' एवढंच होतं.

पहिल्या रविवारी आले तेव्हा मी वही त्यांच्या हातात दिली. वाटलं, चाळून परत करतील. अण्णांनी चष्मा लावला आणि सातही पानं वाचली, समासातल्या बारीक टिपांसकट. पाचव्या पानावर त्यांना हसू आलं. तिथं मी एका दुपारी स्वतः केलेल्या कामाची नोंद होती: बॉनेटखालचे सगळे फ्यूज काढले, प्रत्येकाला नंबरची चिठ्ठी लावली, पुसले आणि परत बसवले. मला त्या कामाचा थोडा अभिमानच होता.

"सगळ्यांना एकदम बाहेर काढलं," ते म्हणाले, "मग कोण बोंबलत होतं ते कसं कळायचं, ताई?"

ही त्यांची कामाची रीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि उपयोग झाला नाही तर पहिल्यासारखी करून मगच पुढे जायचं. फ्यूज काढायचेच नाहीत. मीटरची दोन टोकं एकेका फ्यूजच्या पाठीवर टेकवून आतून किती वीज जाते ते बघायचं, म्हणजे झोपलेलं काही जागं होत नाही. बॉनेटच्या कुलपात स्क्रू-ड्रायव्हर अडकवून गाडीला बॉनेट बंद आहे असं भासवायचं. काचा आधीच खाली करून ठेवायच्या, म्हणजे दार उघडावं लागत नाही. आणि सगळ्यात आधी गाडीची किल्ली लांब न्यायची. आमची गाडी बटणाची; किल्ली कुठं घालावी लागत नाही, जवळ असली की पुरते. म्हणून अण्णा ती सासूबाईंच्या हाती देऊन स्वयंपाकघरात पाठवायचे. त्या ती शेंगाचटणीच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवून घट्ट झाकण लावायच्या, म्हणजे तिचा सिग्नल बाहेर पडत नाही.

"अक्का, घातली का कोंडून?" अण्णा बाहेरून विचारायचे.

"घातली. आता बाहेर येत नाही ती," सासूबाई म्हणायच्या. आठवडाभरात त्या हसायच्या ते तेवढंच.

आणि मग मीटर तीस मिलिअँपिअरवर यायचा. तीस म्हणजे उत्तम, अण्णा सांगायचे, एवढ्यावर गाडी महिनाभर उभी राहील. पहिल्या रविवारी तीस. दुसऱ्या रविवारी तीस. तिसऱ्या रविवारी एकोणतीस. मी ते तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि त्यांच्याखाली त्या त्या आठवड्यातल्या बंद पडलेल्या सकाळी लिहिल्या. दोष नाही हे वर्कशॉपनंही सांगितलं होतं. फरक इतकाच, की ते थंड खोलीत बसून सांगायचे आणि अण्णा आमच्या पोर्चमध्ये घाम पुसत.

कारखान्यातली एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. टॉवेलमध्ये चूक दिसते तेव्हा ती होऊन गेलेली असते. माग तोवर वीतभर पुढे विणून गेलेला असतो. नवा माणूस जिथं चूक दिसते तिथंच बोट घालून बसतो. जुना माणूस माग मागे फिरवतो. ऐकायला बरं वाटायचं, पण सकाळी साडेसहाला मला त्याचा उपयोग नव्हता.

मग तो शुक्रवार आला. गाडी नुसती टकटक करत राहिली. दूधवाला त्या दिवशी आलाच नाही. शेजारच्यांची गाडी परगावी गेलेली. फोनवरून टॅक्सी येईपर्यंत आठ वाजले आणि दवाखान्यात पोचलो तोवर सासूबाईंचं मशीन दुसऱ्या पेशंटला देऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वेळ मिळाली. मधला सगळा वेळ त्या पाठीशी तीन उशा घेऊन बसून होत्या. आडवं झालं की दम लागत होता. मला बरं वाटावं म्हणून त्या टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलत होत्या आणि प्रत्येक वाक्यात दोनदा थांबत होत्या.

शनिवारी सकाळी अण्णा विचारपूस करायला आले तेव्हा मी त्यांना आत बोलावलं नाही. फाटकातच मी म्हणाले, "तीन रविवार तुम्ही नुसते बसून राहिलात. जमत नसेल तर तसं सांगायचं, अण्णा. इथं माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे."

अण्णांनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेले. मी वहीत लिहिलं: दुसरा वायरमन बघणे.

सोमवारी साडेपाचला शाळेतून परतले तर अण्णा फाटकापाशी उभे. पिशवी, मीटर, सगळं घेऊन. मी गाडीतून उतरायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"ताई, गाडीला वार कळत न्हाईत. मंगळवार काय आन् बुधवार काय, तिला सारखंच. वार तुमाला कळतात. म्हंजे आदल्या दिवशी तुमीच काय तरी करताय. काय करता तेवढं लिहून द्या."

मला राग आला, पण याद्या करायला मला कधीच कंटाळा येत नाही. बॉनेटवर वही टेकवून दोन मिनिटांत लिहिलं. एरवी गाडी बाहेर गल्लीत लिंबाखाली उभी करते. सोमवारी आणि गुरुवारी आत घेते, अगदी पायरीला लावून, म्हणजे सकाळी सासूबाईंना चालावं लागत नाही. पुढची सीट मागे सरकवते. उशी ठेवते. फाईल, पाण्याची बाटली, शाल. आरसा नीट करते. काचा बंद, कुलूप, फाटक बंद. चौदा कामं, क्रमवार.

अण्णांनी यादी वाचली. खिशात ठेवली. म्हणाले, आता हे सगळं माझ्यासमोर करा, एकही सोडू नका, आणि मी इथं नाहीच असं समजा.

मी केलं. गाडी आत घेतली. त्यांनी मीटर जोडला. मग सीट, उशी, फाईल, बाटली, शाल, सगळं. कुलूप लावलं आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली. अण्णा खुर्चीत बसले. पाऊण तास झाला. तास झाला. आज त्यांनी किल्ली डब्यात घालायला सांगितली नव्हती, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मग बाहेरून हाक आली.

"ताई, आकडा खाली येत न्हाई. किल्ली कुटं हाय?"

"जागेवर," मी आतून म्हटलं.

"जागेवर म्हंजे?"

मी कणकेच्या हातांनी बाहेर आले. आमच्या पोर्चला जाळी आहे, तिला कुलूप असतं. त्या पोर्चच्या भिंतीवर, दाराशेजारी, मी एक फळी लावून घेतली आहे. पाच हुक, प्रत्येकावर छापील अक्षरांत पट्टी: फाटक, टाकी, गाडी, स्कूटर, शाळा. या घरात किल्ली हरवत नाही, ती या फळीमुळे. 'गाडी'खाली गाडीची किल्ली होती. पायरीला लावलेल्या गाडीपासून एका हाताच्या अंतरावर.

अण्णांनी ती काढली नाही. मला काढायला लावली. डब्यात घालायला लावली. आम्ही पुन्हा बसलो, या वेळी मीही, पायरीवर. पाऊण तासानं मीटर तीसवर आला. त्यांनी किल्ली आणायला सांगितली. मी हुकावर टांगली आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत तीन हजारांच्या वर गेला. तरी त्यांनी एकदाच बघून मान्य केलं नाही. परत डबा, परत हुक.

"रातभर तिला वाटतंय, ताई शेजारी उभारल्यात," ते म्हणाले. "आता दार उघडतील, मग उघडतील. ती कशी झोपंल?"

मी म्हटलं की हे यादीत नव्हतं. ते काम नाही, सवय आहे. मला ती लिहायची सुचलीच नाही. अण्णांनी मान हलवली. मीटरच्या वायरी गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "चूक माझीबी हाय. दरवेळी किल्ली मीच लांब घालवत होतो. चोराला बाहेर काढून मी घर तपासत बसलो."

मंगळवारी सकाळी सहाला गाडी एका बोटात सुरू झाली. त्यानंतर गाडीमुळे एकही डायलिसिस चुकलेलं नाही.

अण्णा यंदा उन्हाळ्यात मुलीकडे भिवंडीला राहायला गेले, कायमचे. स्टेशनवर मी सोडते म्हटलं. सासूबाईंनीही यायचा हट्ट धरला. पुढच्या सीटवर उशी घेऊन बसल्या. अण्णा मागे, मांडीवर पिशवी. मी त्यांच्या सामानाची यादी करून आणली होती: गोळ्या, तिकीट, चष्मा, पाणी, कडक भाकरी, शेंगाचटणी. त्यांनी ती सवयीप्रमाणे शेवटपर्यंत वाचली. खाली सातवा आकडा घातलेला होता आणि पुढे काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

आरशात बघत मी म्हटलं, "ते बोलायचं आहे. त्या शनिवारी फाटकात मी जे बोलले ते बोलायला नको होतं, अण्णा."

 सात रस्ता चौकातला सिग्नल सुटला तेव्हा अण्णा म्हणाले, "मला लई लागलं ते. घरी जाऊन दोन दिवस तुमच्या वहीचाच विचार केला. तुमी बोलला नसता तर चौथ्या रविवारीबी मी तीसच सांगून गेलो असतो." मग पुढे वाकून सासूबाईंना म्हणाले, "अक्का, किल्लीचा डबा उघडा ठिवू नका म्हंजे झालं."

फळी अजून भिंतीवर आहे. 'गाडी'ची पट्टी मी काढलेली नाही, खाली हुक रिकामा आहे; किल्ली आता त्या स्टीलच्या डब्यात असते. सोमवारी आणि गुरुवारी गाडी पायरीला लावून मी उतरते आणि माझा हात अजूनही आधी त्या हुकाकडेच जातो. तेवढ्यात आतून सासूबाई विचारतात, "घातली का कोंडून?" मग मी डब्याकडे वळते.