सुभेदार वजन कमी करायला शिकवतात

विठाबाईंचा बलभीम फौजेतून सुभेदार होऊन भूमला परत आला. अठ्ठावीस वर्षांपैकी नऊ वर्षं त्यानं जवानांना रायफल शिकवली होती. आता तो दर मंगळवारी माजी सैनिकांच्या खोलीत लठ्ठपणा शिकवायचा.

आधी पुण्याच्या डॉक्टर महेश्वरी पडद्यावरून बोलायच्या. मग तेच सगळं बलभीम रायफलचे भाग सांगावेत तसं बोटांवर पुन्हा सांगायचा. आहार, व्यायाम, गोळ्या, आठवड्याची सुई आणि शेवटी पोटाचं ऑपरेशन. कुणाला काय लागेल ते डॉक्टर ठरवतील, मनानं सुई कुणी घ्यायची नाही. शेवटी फौजी रिवाजाप्रमाणे तो गरजायचा, "कोई शक?"

"नो सर!" नऊ जण एका सुरात म्हणायचे. शंका विचारणारा जवान साहेबांच्या लक्षात राहतो, हे ज्ञान कुणीच विसरलं नव्हतं. चार मंगळवार झाले, पण स्वतःची तपासणी एकानंही मागितली नाही. भूमकर ठणठणीत आहेत, अशी डॉक्टरांची समजूत झाली.

विठाबाईंची झाली नव्हती. दुपारी जेवून बलभीम खुर्चीतच झोपायचा, घोरायचा आणि मधेच गप्प व्हायचा. श्वासच थांबायचा. विठाबाई ज्वारी निवडता निवडता मोजायच्या. सोळा, सतरा, अठरा. मग तो दचकून हवा ओढायचा आणि डोळे न उघडता म्हणायचा, "जागाच हाय." एखाद्या दुपारी आकडे संपणारच नाहीत, या धास्तीनं त्यांनी सुनेला, दीपमालाला, त्याच्याशी बोलायला लावलं. तो तिला म्हणाला, "मी तिथं शिकवायला जातो, पेशंट म्हणून न्हाय."

पाचव्या मंगळवारी विठाबाई चांगलं लुगडं नेसून त्याच्या मागोमाग निघाल्या.

"आये, कुठं?"

"वर्गाला."

"तू फौजेत न्हवतीस."

"एक पोरगा धाडला की म्या. तेवढं बास."

वर्ग नेहमीसारखा झाला. "कोई शक?" "नो सर!"

"मला हाय," विठाबाई उठल्या. "डॉक्टरबाई, ह्येचा झोपंत श्वास थांबतो. काल मी वीसपस्तोर मोजलं. पुढं मोजाय मला जमत न्हाय."

"आये, खाली बस."

"तू बस. गुडघं तुझं दुखत्यात."

मागच्या ओळीतला नाईक बिरदेव हसला. मग हसू आवरून म्हणाला, "साहेब, मला बी बायको रातभर कुशीवर ढकलती. मला वाटायचं, रागानं."

डॉक्टर महेश्वरींनी चष्मा चढवला. वजनामुळं असं होऊ शकतं, एक रात्र यंत्र लावून झोप तपासावी लागेल, धाराशिवला सोय करून देते, असं त्यांनी सांगितलं. "सुभेदार, वजन किती?"

बलभीमनं एकदा आईकडं पाहिलं आणि तो ताठ उभा राहिला. "एकशे सोळा, मॅडम."

"वर्गाच्या सुरुवातीला भरलेल्या फॉर्मवर अठ्ठ्याण्णव आहे."

"ते निवृत्तीच्या दिवशीचं."

मग बिरदेवनं हात वर केला. त्याचंही निवृत्तीच्याच दिवशीचं होतं. हळूहळू बाकीचेही हात वर आले. डॉक्टर महेश्वरींनी दहा नवे फॉर्म उघडले आणि झोपेच्या तपासणीची पहिली तारीख बलभीमला दिली, येत्या शुक्रवारची. विठाबाईंनी ती दोनदा विचारून घेतली.